वरून साय, आतून ओलं : उन्हाळ्यातल्या नेलपेंटविषयी तुमचे प्रश्न

लग्नसराई आणि उन्हाळा एकत्र आले की आमच्या पानावर पत्रांचा विषय बदलतो. या वेळी बरीचशी पत्रं नखांची आहेत. कुणाचं नेलपेंट फुगतंय, कुणाचं पिवळं पडतंय, कुणाची बाटलीच घट्ट झाली आहे. सदाशिव पेठेत चोवीस वर्षं पार्लर चालवताना हे सगळं मी रोज हाताळलेलं आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

प्रश्न : मी बँकेत नोकरी करते. आठवडाभर सवड नसते, म्हणून रविवारी जेवणं आणि मागचं सगळं आवरून दुपारी दोनच्या सुमारास नेलपेंट लावायला बसते. लवकर वाळावं म्हणून पंखा पाचवर ठेवते. तरी रंगावर बारीक बुडबुडे येतात आणि मंगळवारपर्यंत टोकाचे पोपडे निघायला लागतात. हीच बाटली जानेवारीत छान बसत होती. ती खराब झाली असेल का? – एक वाचक, कोथरूड

उत्तर : बाटली चांगली आहे, फेकू नका. तुमच्या पत्रातच तीन कारणं लिहिलेली आहेत : दुपारचे दोन, पाचवर पंखा आणि 'मागचं सगळं आवरून'.

आधी हे समजून घ्या की नेलपेंट वाळतं म्हणजे काय होतं. नायट्रोसेल्युलोज नावाचा एक पदार्थ त्यात इथाइल अ‍ॅसिटेट, ब्युटाइल अ‍ॅसिटेट यांसारख्या द्रावकांत विरघळवलेला असतो. झाकण उघडल्यावर जो उग्र गोडसर वास येतो, तो या द्रावकांचा. ते हवेत उडून गेले की नखावर पातळ पापुद्रा उरतो, तोच आपला रंग. थंडीत हे उडणं सावकाश, खालपासून वरपर्यंत सारखं होतं. उन्हाळ्यात दुपारी मात्र वरचा थर झटकन आवळतो आणि खालचा ओलाच राहतो. गरम दूध वाऱ्यावर ठेवलं की वर साय धरते आणि खाली दूध पातळच असतं ना, तसंच. खाली अडकलेल्या द्रावकाला बाहेर पडायचं असतं, तो सायीला खालून फुगवतो, आणि तुम्हाला बुडबुडे दिसतात. पंख्यामुळे साय आणखी लवकर धरते. उकाड्यात रंग पटकन वाळतो असं सगळ्यांना वाटतं, पण वाळतो तो फक्त वरून. आतून तो कितीतरी वेळ मऊ असतो, म्हणून भांड्याच्या काठाला नख लागलं तरी खळगा पडतो.

हे मी फार वाईट प्रसंगातून शिकले. बारा वर्षांपूर्वीचा मे महिना. मुहूर्त भर दुपारचा. नवरीची नखं साडेअकराला कार्यालयातल्या खोलीत रंगवली, गडद मरून. बाहेर घाई चाललेली, आत्या दारातून दोनदा डोकावून गेल्या, म्हणून मी टेबलफॅन थेट तिच्या हातांवर वळवला. दोन जाडसर हात एकामागोमाग एक दिले. दहा मिनिटांत दहाही नखांवर भाजलेल्या पापडासारखे फोड. काढून परत लावायला वेळ नव्हता. मुलगी गुणी होती, मला एका शब्दानं बोलली नाही. फक्त बोटं अष्टपुत्रीच्या पदरात ओढून घेतली. कन्यादानाच्या फोटोत सगळ्यांची नजर हातांवरच जाते, हे मला त्या क्षणी आठवलं आणि पोटात खड्डा पडला. तेव्हापासून उन्हाळ्यातल्या कुठल्याही नवरीची नखं मी आदल्या संध्याकाळीच करते, मुहूर्त कितीचा का असेना.

आता तुमच्या रविवाराकडे येऊ. पुण्याचा उन्हाळा दुपारी भाजून काढतो, पण पहाटे माणसात येतो. एप्रिल-मेमध्ये दुपारी पारा ३८ ते ४० पर्यंत जातो आणि पहाटे २०-२२ च्या आसपास उतरतो. तेव्हा सकाळी चहाच्या आधी बसा, नाहीतर रात्री नवानंतर, पश्चिमेचा वारा सुटून भिंती जरा निवल्यावर. रात्री लावणार असाल तर झोपायच्या निदान दोन-अडीच तास आधी, नाहीतर सकाळी नखांवर चादरीचे वळ उठलेले दिसतील.

नेलपेंट लावताना पंखा बंद ठेवायचा, आणि लावून झाल्यावरही पाच-सात मिनिटं बंदच. हे सांगितलं की बायका माझ्याकडे रागानं बघतात, कारण उकडतं! पण तेवढं सोसाच. कपाळाचा घाम टिपायला शेजारी नॅपकिन ठेवा. बोटं फार तापलेली वाटली तर माठातल्या पाण्यानं भरलेलं तांब्या-भांडं मिनिटभर दोन्ही हातांत धरा आणि हात अगदी कोरडे पुसा.

तिसरं कारण भांड्यांचं. नख पाणी शोषून घेतं आणि किंचित फुगतं. भांडी घासून लगेच रंग लावला तर तो फुगलेल्या नखावर बसतो. थोड्या वेळानं नख पूर्ववत आकसतं, वरचा पापुद्रा तसा आकसत नाही, आणि टोकापाशी तो सुटतो. तुमचे मंगळवारचे पोपडे इथून आलेले आहेत. कित्येक ठिकाणी मॅनिक्युअर करताना हात कोमट पाण्यात भिजवून लगेच रंग लावतात. मी ते कधीच सोडून दिलं. पाण्यातलं काम झाल्यावर अर्धा तास तरी जाऊ द्या. मग कापसावर रिमूव्हरचे चार थेंब घेऊन प्रत्येक नख पुसा, नखावर जुना रंग नसला तरी पुसा. खोबरेल, घाम, जेवणातलं तूप, काय काय बसलेलं असतं, आणि तेलकट भिंतीला चुना धरत नाही.

बाटली खळाखळा हलवू नका, त्यानं हवा आत मिसळते आणि तिचे वेगळे बुडबुडे होतात. दोन तळहातांमध्ये धरून वातीसारखी वळा. बेस कोट द्या. मग रंगाचा पहिला हात : ब्रश बाटलीच्या तोंडाला एका बाजूनं पुसून घ्यायचा, एक ओढ मधोमध, दोन कडांना, बस्स. चौथ्यांदा त्यावरून फिरवायचं नाही, उन्हाळ्यात तेवढ्या वेळात रंग चिकट झालेला असतो आणि ब्रश त्याला ओरबाडतो. हा हात इतका पातळ हवा की खालचं नख दिसलं पाहिजे. इथेच सगळ्या घाबरतात आणि रंग भरत सुटतात. धीर धरा, दुसऱ्या हाताला तो भरून येतो. मध्ये तीन-चार मिनिटं थांबा. प्रत्येक वेळी ब्रशचं टोक नखाच्या पुढच्या धारेवरूनही हलकेच फिरवा, म्हणजे रंग कडेवर दुमडला जातो आणि तिथून पाणी शिरत नाही. शेवटी टॉप कोट, तोही पातळ.

थंड पाण्यात बोटं बुडवण्याची युक्ती बऱ्याच जणी करतात. पाच-सात मिनिटांनी बुडवलीत तर रंग वरून घट्ट होतो हे खरं, पण तो थिजतो, वाळत नाही. वाटीतलं तूप थिजावं तसं. हात पुसून लगेच कामाला लागलात तर पुन्हा खळगे पडणारच.

आणि एक गोष्ट कळकळीनं सांगते. नेलपेंट आणि रिमूव्हर दोन्ही भुरकन पेटणारे आहेत. स्वयंपाकघराच्या ओट्यावर, गॅस चालू असताना, तेवत्या निरांजनाशेजारी, डासांची उदबत्ती लावून, किंवा वीज गेली म्हणून मेणबत्तीच्या उजेडात ते लावू नका. खिडकी उघडी ठेवा, म्हणजे वास साचत नाही.

प्रश्न : मी रोज स्कूटीवरून हडपसरहून शिवाजीनगरला जाते. तोंडाला स्कार्फ, हातात दंडापर्यंत मोजे, वर सनस्क्रीन. ऑफिसात पोहोचून मोजे काढले की नखांवर त्यांच्या विणीचा ठसा उमटलेला असतो. सकाळी आवरता आवरता नेलपेंट लावते. पर्समध्ये राहत नाही म्हणून बाटली डिकीत ठेवते. – तुमची नियमित वाचक

उत्तर : अगं, सकाळी लावून अर्ध्या तासात मोजे चढवलेस तर ठसा उमटणारच. आतून ओला रंग, मोज्यात कोंडलेली ऊब, घाम आणि वर हँडलवरची पकड, एवढं सगळं त्यावर एकदम येतं. सिग्नलला ब्रेक दाबताना बोटांची टोकं किती घासली जातात ते एकदा बघ. तुझ्यासाठी आदली रात्रच बरी, आणि हात पातळच. जाड थर दुसऱ्या दिवशी सकाळीही पुरता कडक झालेला नसतो.

मोजे बोटांना ताणून बसणारे असतात ते घेऊ नकोस. सुती घे, एक माप मोठे, टोकाशी थोडी मोकळी जागा राहील असे. घालताना एकेका बोटाला ओढून चढवायची सवय असते आपल्याला, त्याऐवजी मनगटाकडून हळू सरकव.

सनस्क्रीन आधी चोळायचं, मग नखांवरून कोरडा टिश्यू फिरवायचा. काही सनस्क्रीननं फिकट रंग पिवळट पडतात. डासांचं मलम लावत असशील तर त्यावर काय लिहिलंय ते वाच : 'डीट' असेल तर ते नेलपेंटला मऊ करून चिकट बनवतं. असं मलम मनगटापर्यंत लाव आणि बोटांची टोकं पुसून घे.

रंग निवडताना एवढं लक्षात ठेव की दुधट, अपारदर्शक फिके रंग उकाड्यात सगळ्यात हट्टी असतात, त्यांत ब्रशच्या रेघा लगेच दिसतात. पारदर्शक गुलाबी किंवा बारीक चमकीचा रंग ठसे आणि रेघा दोन्ही झाकतो.

बाटली मात्र आजच डिकीतून काढ. उन्हात उभ्या गाडीची डिकी भट्टीसारखी तापते. रंग फाटतो, घट्ट होतो, आणि पेटणारी वस्तू तिथे ठेवायचीच कशाला?

प्रश्न : माझं वय ६८. फिका गुलाबी रंग मला फार आवडतो, सगळा जन्म लावत आले. पण मे महिन्यात घरी लोणचं, कुरडया, रोजचा आमरस. दोन दिवसांत रंग पिवळट दिसतो. नखांवर आता उभ्या रेघाही आल्या आहेत, त्यांतून रंग सारखा बसत नाही. जाऊबाई म्हणतात, या वयात कशाला हवंय! – एक आजी, नारायण पेठ

उत्तर : काकू, जाऊबाईंना माझ्याकडे घेऊन या, त्यांचीही नखं करून देते. माझ्याकडे ८१ वर्षांच्या एक आजी येतात. हात थरथरतो म्हणून मी घडी केलेला पंचा त्यांच्या मनगटाखाली ठेवते, आणि त्या डोळे मिटून बसतात. रंग झाला की बोटं लांब धरून एकेक नख बघतात. ते बघताना त्यांचा चेहरा असा उजळतो! आवड आहे ना, मग लावा.

पिवळेपणा हळदीचा. हळदीचा रंग पाण्यात फारसा विरघळत नाही, तेलात विरघळतो, म्हणून लोणच्याच्या फोडी कालवताना तेलाबरोबर तो थेट नखांवर चढतो. नुसत्या साबणानं हात धुऊन काही होत नाही. आधी कापसाला साधं गोडं तेल लावून नखं पुसा, मग साबण. कापडावरचा हळदीचा डाग आपण उन्हात टाकतो आणि तो उडतो, हे तुम्हाला मी सांगायला नको. नखांवरचा ताजा डागही कोवळ्या उन्हात काहीसा फिका पडल्याचा माझा अनुभव आहे.

तरी माझं म्हणणं असं की क्रम बदला. लोणचं घालायचं आहे, कुरडयांचा चीक शिजवायचा आहे, त्या चार दिवसांत बोटं कोरी ठेवा. वर्षभराच्या बरणीत रंगाचा टवका जायला नको. ते दिवस पायांची नखं रंगवा, ती हळदीपासून लांब असतात आणि रंग कितीतरी दिवस टिकतो. बरण्यांना दादरे बांधून झाले की मग हात. दर दोन-तीन दिवसांनी टॉप कोटचा एक पातळ हात वरून देत जा, डाग त्यावर बसेल आणि खालचा गुलाबी रंग वाचेल.

उभ्या रेघा वयानं येतात, केस पिकतात तशाच. कानसेनं घासून त्या सपाट करायला जाऊ नका, नख पातळ होतं. रेघा भरून काढणारा बेस कोट मिळतो, दुकानात 'रिज फिलर' म्हणून मागा. रिमूव्हर अ‍ॅसिटोन नसलेला घ्या, कारण या वयात नखं आधीच कोरडी असतात, आणि काढल्यावर नखाच्या मुळाशी खोबरेलाचं बोट फिरवा. महिन्यातून एक आठवडा नखं मोकळी ठेवा आणि उजेडात नीट बघा. एखाद्या नखावर नव्यानं काळी किंवा तपकिरी उभी रेघ उठलेली दिसली, तर वर रंग लावून झाकू नका, त्वचेच्या डॉक्टरांना दाखवा. आणि कुठलंही ऑपरेशन ठरलं तर नेलपेंट काढून जा. बोटाला चिमटा लावून रक्तातला ऑक्सिजन मोजतात, गडद रंगानं तो आकडा चुकू शकतो.

प्रश्न : नेलपेंट घट्ट झालंय. फ्रिजमध्ये ठेवू का? मैत्रीण म्हणते रिमूव्हर घाल. – एक वाचक, सहकारनगर

उत्तर : रिमूव्हर अजिबात घालू नका. त्यानं रंग तेवढ्यापुरता पातळ होतो, पण पापुद्रा कमजोर पडतो आणि नखावर टिकत नाही. नेलपेंटचं थिनर वेगळं मिळतं, त्यात बाटलीतलेच द्रावक असतात. दोन-तीन थेंब, बाटली तळहातात वळायची, पाच मिनिटं थांबायचं. ब्रश बाहेर काढून उभा धरा : थेंब सहज सुटून पडला तर रंग ठीक, पाकासारखी तार धरली तर आणखी एक थेंब घाला. त्यानंही सुधारला नाही तर बाटली संपली समजा.

फ्रिजची गरज नाही. थंडीनं रंग आणखी घट्ट होतो, आणि बाहेर काढल्या काढल्या लावला तर ब्रश चालत नाही. कपाटाच्या खालच्या खणात, अंधारात, बाटली उभी ठेवा. झाकण लावण्याआधी तोंडावरचा रंग रिमूव्हरच्या कापसानं पुसत जा. तिथे थर साचला की झाकण पुरतं बसत नाही आणि द्रावक दिवसरात्र उडत राहतो. खूपशा बाटल्या अशानंच मरतात. तुळशीबागेत किंवा कुठेही घेताना बाटली उलटी करून बघायची सवय लावा; आतली गोळी टकटक करत खाली आली तर रंग वाहता आहे. आणि दुकानाच्या काचेत ऊन खात बसलेली बाटली घेऊ नका, आतल्या खोक्यातली मागा.

प्रश्न : मी रत्नागिरीची, लग्नानंतर बाणेरला राहते. माहेरी पावसाळ्यात नेलपेंटवर पांढुरका, धुक्यासारखा थर यायचा. पुण्यात कोरडी हवा म्हणून निश्चिंत होते, तर गेल्या आठवड्यात इथेही तसंच झालं! घरात कूलर चालू होता. – एक वाचक

उत्तर : कूलरनंच केलंय. द्रावक उडताना नखावरची उष्णता घेऊन जातो आणि तो थर क्षणभर गार पडतो. लावताना गारवा जाणवतो तो त्याचाच. आजूबाजूची हवा दमट असेल तर तिच्यातली वाफ त्या गार थरावर बसते, ओल्या रंगात शिरते, आणि रंग दुधाळतो. लाकडी सामानाला लॅकर मारणारे कारागीर पावसाळी हवेत हात आखडता घेतात तो याच भीतीनं. रत्नागिरीची हवा मुळातच दमट. पुण्याची कोरडी, पण कूलर ओली हवा फेकतो आणि वर वाराही देतो, म्हणजे बुडबुडे आणि धुकं दोन्हीची सोय. वळवाची सर पडून गेल्यावरही तासभर असंच होतं.

कूलर बंद करून दुसऱ्या खोलीत बसा. घरी एसी असेल तर तो चालेल, त्यानं हवेतली ओल कमी होते, फक्त झोत हातांवर येऊ देऊ नका. माहेरी गेलात की पाऊस ओसरलेली वेळ बघा आणि दोन हातांमध्ये पुण्यापेक्षा दुप्पट वेळ थांबा. आता जो थर आलाय तो काढून टाकू नका. हवा कोरडी असताना टॉप कोटचा एक पातळ हात वरून द्या. त्यातला द्रावक खालचा रंग जरासा सैल करतो, अडकलेली ओल सुटते, आणि बहुतेक वेळा रंग परत उजळतो.